पहिली पात

"इथं शेतकरी कुठे भेटेल हो?"

हा प्रश्न मला माझ्याच ओट्यावर, माझ्या नवऱ्यादेखत विचारला गेला. विचारणाऱ्या मीनाताई ठाण्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. डोक्यावर गवती हॅट, गळ्यात कॅमेरा. आमचे हे समोरच उभे होते, पण पॅन्ट-शर्टात, मोबाइल कानाला लावून. द्राक्षाच्या गाडीवाल्याशी बोलणं चाललं होतं. मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. मीनाताईंनी ह्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि मलाच समजावत म्हणाल्या, "हे मॅनेजर असतील. मला खरा शेतकरी बघायचाय."

ह्यांच्या नखांत त्या दिवशीही मोरचुदाचा निळा रंग होता. पहाटेपासून बागेत औषध मारून माणूस नुकता अंघोळ करून आला होता. पण नखं कोण बघतं? मी मीनाताईंना चहा दिला आणि शेतकरी शोधायला मळ्यात पाठवून दिलं.

आमचा धंदा कृषी पर्यटनाचा. म्हणजे शहरातली माणसं आमच्या शेतावर राहायला येतात, जेवतात, हिंडतात आणि त्याचे पैसे देतात. आमचं गाव निफाड तालुक्यात, माझं माहेर सटाण्याकडचं. माहेरी कांदा आणि बाजरी, सासरी द्राक्षं. आता सगळा कारभार सुनेच्या हातात दिलाय, म्हणून हे लिहायला सवड झाली. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात लेखणी तर सोडाच, पोळपाट रिकामा सापडत नाही.

नव्वदच्या सुमारास आमच्याकडे द्राक्षाची बाग लागली आणि तिच्या पाठोपाठ पाहुणे लागले. फेब्रुवारी उजाडला की मुंबईच्या आत्याची जाऊ, त्या जावेचा भाऊ, त्या भावाच्या ऑफिसातले साहेब असे सगळे आमच्या जवळचे होत. बागेत फोटो काढायचे, पोटभर जेवायचे, घरच्यांसाठी द्राक्षाची पेटी न्यायचे आणि जाताना म्हणायचे, "तुमचं काय बाई, सगळं घरचंच." घरचंच होतं, पण आपोआप उगवत नव्हतं. हे कुणाला सांगायचं?

मग एका वर्षी गारांनी तारेवरचे घड झोडपून काढले. दोन हजार साल मागे पडलं होतं. हे कुठल्याशा सभेला जाऊन आले आणि रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "हेच पाहुणे पैसे देऊन आले तर?" शेजारच्या पाटावर माझे सासरे, नाना, जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"पाव्हण्याच्या ताटाला भाव लावायचा?" नाना म्हणाले. "मग उद्या पाण्याला लाव. परवा रामरामाला लाव."

माझ्या आईचंही तेच. "पाव्हना म्हंजे देव शे, बेटा," असं तिने मला आमच्या अहिराणीत ऐकवलं. मी म्हटलं, आई, देवापुढेही लोक दक्षिणा ठेवतातच की. तेव्हापासून ती आमच्याकडे आली की ताट स्वतः घासून ठेवायला लागली. उगाच कुणी बिल मांडायला नको, असं तिचं म्हणणं.

बाहेरच्यांना वाटतं, चार खोल्या बांधल्या, पिठलं-भाकरी केली की झालं कृषी पर्यटन. तसं नसतं. पहिली गोष्ट संडास. पाहुणा चांदण्यावर खूश असतो, मातीच्या वासावर खूश असतो, पण संडास त्याला ठाण्यासारखाच लागतो. दुसरी गोष्ट अशी की, जे आम्ही मोठ्या आनंदाने टाकून दिलं होतं, तेच त्याला हवं असतं. आमच्याकडे गॅस होता, त्याला चूल हवी. आमच्याकडे ट्रॅक्टर होता, त्याला बैलगाडी हवी. ट्रॅक्टर आला तेव्हा विकलेले बैल गेले ते गेले, पण पाहुण्यांसाठी ह्यांनी बाजारातून नवी जोडी आणली. सासूबाईंनी मिक्सर आला त्या दिवशी पाटा उचलून न्हाणीच्या दारात पाय घासायला टाकला होता. तो मी सोडा लावून लावून घासला आणि पुन्हा स्वयंपाकघरात घेतला. पाहुणे त्या पाट्यावरची चटणी बोटं चाटून खात आणि मी सासूबाईंच्या फोटोकडे बघायचं टाळत असे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका बाईंनी फोनवर विचारलं, तुमच्याकडे सूर्योदय किती वाजता दाखवता? मी म्हटलं, आमच्याकडे तो न सांगता येतो. एक गृहस्थ आले ते बाजेवर आडवे झाले आणि म्हणाले, मला काही दाखवू नका, काही सांगू नका. दोन दिवस झोपले, जेवायला तेवढे उठले आणि जाताना माझ्या पाया पडले. असा पाहुणा मला फार आवडे. औषध मारायचा दिवस असला की मात्र आमची पंचाईत. बागेत वास येतो, पाहुणे नाकाला रुमाल लावतात, आणि फवारणी तर चुकवता येत नाही. तेव्हा मी त्यांना सरळ सांगायला शिकले की आज आम्ही शेती करतोय, तुम्ही जरा आंब्याखाली बसा.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. नानांचं हसण्यावारी नेता येत नव्हतं.

ओटा ही नानांची जागा. सकाळी तोंड धुऊन ते ओट्यावर बसायचे, येणारा-जाणारा रामराम घालायचा, कुणी टेकायचं, कुणी तंबाखू मळायचं. पाहुणे यायला लागल्यावर ओट्यावर खुर्च्या आल्या आणि गल्लीतली माणसं "पाव्हणे हायेत का?" असं विचारून, दबकत येऊ लागली. पुढे यायचीच कमी झाली. या गोष्टीची रुखरुख मला अजून आहे. धंद्याने आम्हाला पुष्कळ दिलं, पण ओट्यावरचा तो फुकटचा गलका गेला तो गेलाच. नानांनी आपली बाज उचलली आणि मळ्यात विहिरीजवळच्या छपरात नेऊन टाकली. शनिवार-रविवार ते घरी फिरकेनासे झाले.

त्यात भाऊबंदातलं एक लग्न निघालं. पंगतीत कुणीतरी नवरीकडच्या माणसांशी ओळख करून देताना म्हणालं, "हे नाना. यांचं शिवारात हॉटेल हाय." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. नाना पानावरून उठले. घरी पोचल्यावर गाडीतून उतरताना मला म्हणाले, "सुमन, माझ्यामागं पहिली पात कोण धरणार, येवढं सांग."

पात म्हणजे काय ते सांगायला हवं. गहू, बाजरी कापायला माणसं ओळीने बसतात. प्रत्येकाच्या पुढ्यात पिकाची जी पट्टी येते, ती त्याची पात. बांधालगतची पहिली पात मालकाची, अशी आमच्याकडची रीत. बाकीच्यांनी चाल त्याच्याकडे बघून धरायची. बागेतल्या कामाला अशी पात नसते, म्हणून नानांनी द्राक्षांच्या धामधुमीतही विहिरीजवळचा एक तुकडा गव्हाला राखला होता. पुरणपोळीचा गहू घरचा पाहिजे, असं कारण सांगायचे. शेजाऱ्यांच्या गव्हात यंत्र फिरायला लागलं होतं, नाना मात्र त्या तुकड्यात विळा घेऊन बसायचे आणि पहिली पात त्यांचीच. ती धरणारा घरात कुणी उरला नाही तर आपण शेतकरी कसले, हा त्यांचा प्रश्न होता.

ह्यांना वाटलं, नानांना मान दिला की राग जाईल. म्हणून नाशिकहून भगवा, जरीचा तयार फेटा आणला. पाहुणे आले की नानांनी तो घालून ओट्यावर बसायचं, खरा शेतकरी बघायची लोकांची हौस फिटेल आणि नानाही घरात येतील, असा बेत. नानांनी फेटा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि परत पिशवीत ठेवला.

"फेटा लग्नात बांधत्यात," ते म्हणाले. "रोज कुणाचं लगीन हाय? जन्मभर शेती केली, परभ्या. आता शेतकऱ्याचं सोंग माझ्याच्यानं व्हायचं नाय."

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं माझ्यामार्फत. "त्याला सांग" आणि "त्यांना विचार." इकडे आड, तिकडे विहीर. मला दोघांचाही राग यायचा. नाना म्हणत तेही पटायचं आणि ह्यांची धडपडही दिसायची. हा माणूस पाहुणे आले म्हणून बागेकडे दुर्लक्ष करणारा नव्हता. उलट, बाग टिकावी म्हणूनच पाहुणे बोलावत होता. आणि खरं सांगायचं तर मला पाहुणे आवडायला लागले होते. गावात मी प्रभाकरची मंडळी. पाहुण्यांतल्या बाया पहिल्या दिवशी विचारत, तुमचं नाव काय? मग दोन दिवस सुमनताई, सुमनताई अशी हाक चाले. चाळिशी आल्यावर आपलं नाव असं दिवसभर कानावर पडलं की बरं वाटतं.

तर, पुढच्या मार्चात त्याच मीनाताईंचा फोन आला. ग्रुप घेऊन येते म्हणाल्या, रविवारी काही विशेष आहे का? मी तव्यावर भाकरी टाकत होते, फोन खांद्याने धरला होता. मी म्हटलं, "विशेष काही नाही. नानांची सोंगणी आहे." मीनाताई एकदम खूश झाल्या. वा वा, आम्ही येतोच.

शनिवारी संध्याकाळी दोन जीप भरून माणसं आली. तीन-तीन कॅमेरे. रविवारी उजाडता चहा देताना एका गृहस्थांनी विचारलं, सोंगं किती वाजता निघतात? दुसऱ्या बाई म्हणाल्या, मुखवटे आधी बघायला मिळतील का?

मला काही कळेना. मग मीनाताईंच्या बोलण्यातून उलगडलं. पेठ, सुरगाणा बाजूला डोंगरातल्या गावांतून बोहाडा होतो. लाकडाचे मुखवटे लावून देवादिकांची सोंगं नाचतात. मीनाताईंनी त्याचे फोटो कुठेतरी पाहिले होते. सोंगणी म्हणजे तेच, असं धरून त्यांनी अख्खा ग्रुप गोळा केला होता. आणि आमच्याकडे सोंगणी म्हणजे कापणी. गहू सोंगतात, बाजरी सोंगतात. शहराच्या मराठीत तो शब्दच नाही, हे माझ्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

ह्यांनी मला आत बोलावलं. माणसं इतक्या लांबून आलीत, काहीतरी करू, असं ह्यांचं म्हणणं. हंगामाला आलेल्या पेठच्या बाया आहेतच मळ्यात, त्यांना थोडं नाचायला सांगू आणि नानांना आजच्या दिवस फेटा. मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच संपलं. नानांनी जे होणार नाही म्हणून सांगितलं होतं, तेच आम्ही त्यांच्या शेतात नेऊन उभं करणार होतो. मी बाहेर आले आणि पाहुण्यांना सरळ सांगितलं की सोंगं नाहीत, मुखवटे नाहीत, गव्हाची कापणी आहे, बघायची असेल तर चला. कुणाची तोंडं पडली, एक जण पैसे परत मिळतील का म्हणाले. मीनाताई मात्र पोट धरून हसत होत्या.

गहू सकाळच्या दवात सोंगायचा असतो. ऊन चढलं की काडी कडक होते, ओंब्या झडतात. आम्ही पोचलो तेव्हा ओळ बसलेली होती. बांधालगत नाना, पुढे ताराबाई आणि तिच्याबरोबरच्या बाया. ताराबाई पेठकडची. दर वर्षी आपली माणसं घेऊन ती द्राक्षाच्या हंगामाला आमच्याकडे यायची. नानांनी बांधावर कॅमेरे पाहिले आणि विळा खाली ठेवला. "सुमन," ते म्हणाले, "ह्यांना सांग, इथं बघायसारखं काय नाय." आणि उठायला लागले.

ते उठून गेले असते तर पुन्हा कधी पाहुण्यांसमोर आले नसते, हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात मीनाताई चपला बांधावर काढून गव्हात उतरल्या.

"नाना, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी सोंगं समजले. पण आलेच आहे तर ही सोंगणी मला जमेल का?"

नाना अर्धवट उठलेले थांबले. "विळा धरलाय कधी?"

"विळा नाही. विळीवर भाजी चिरते."

"विळी पायाखाली, विळा मुठीत. येवढाच फरक," नाना म्हणाले आणि पुन्हा बसले. "बसा. मूठ वर धरा, पातं मातीजवळ. आन आपल्याकडं ओढा, बाई, गव्हाला झोडू नका."

मग मला म्हणाले, "तू बस त्यांच्या शेजारी. बोट कापून घेतील."

मी माहेरी बाजरी सोंगलेली. लग्न झाल्यापासून विळा हातात आला नव्हता, चुलीपासून वेळ कुठे होता? पदर खोचला आणि बसले. पहिल्या चार मुठी वाकड्यातिकड्या गेल्या, मग हाताला आठवलं. बाकीचे पाहुणेही एकेक करत उतरले. पैसे परत मागणाऱ्यांना कापणी जमेना, तर ताराबाईने त्यांना पेंढ्या वाहायला लावलं. पाहुण्यांची मुलं मागे पडलेल्या ओंब्या वेचत होती. मीनाताईंची पात सगळ्यांच्या मागे राहिली होती. नानांनी आपली पात संपवली आणि त्यांच्या पातीला समोरच्या बाजूने लागले. मध्यावर दोघांचे विळे भेटले, तशी बाया खुदखुदल्या. शेवटी नानांनी नेहमीसारखा एक कोपरा पाखरांसाठी उभा ठेवला.

जेवायला सगळे विहिरीजवळच्या छपरात बसले आणि नानाही बसले. पाहुण्यांबरोबर पहिल्यांदाच. मीनाताईंनी आपल्या घोटाळ्याची गोष्ट ताराबाईला सांगितली. ताराबाईला हसू आवरेना. तिचा नवराच बोहाड्यात भीमाचं सोंग घेई, हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"आमच्याकडं कुणीबी उठून सोंग घेत नाय," ती म्हणाली. "घराण्याचा मान लागतो. त्याच्या बापानं घेतलं, म्हणून तो घेतो."

नाना भाकरी मोडत ऐकत होते. "म्हंजी आमच्या पातीसारखंच," ते म्हणाले.

असं नाही की त्या दिवसापासून सगळं गोड झालं. फेटा नानांनी शेवटपर्यंत बांधला नाही. तो पुढे ह्यांनीच आमच्या मुलाच्या लग्नात बांधला. बैलगाडीतून पाहुण्यांना फिरवायलाही नाना तयार झाले नाहीत, बैल काय जत्रेतला पाळणा आहे का म्हणायचे. पण त्यांची बाज ओट्यावर परत आली. पाहुणा आला की ते आपल्या धुवट टोपीत समोर जात आणि पहिलाच प्रश्न विचारत, कामाला आलाय का बसायला? बसायला आला असेल तर त्याला माझ्याकडे पाठवत. कामाला आला असेल तर घेऊन जात. पुढच्या एका लग्नात कुणीतरी पुन्हा छेडलं, नाना, हॉटेल कसं चाललंय? नाना म्हणाले, "लय जोरात. ठाण्याची माणसं पदरचे पैसे देऊन माझा गहू सोंगून गेली. तुझ्याकडं फुकट तरी कोण येतं का?" पंगत हसली आणि नानांनी दुसरी जिलेबी मागून घेतली.

मीनाताई दर मार्चला येत राहिल्या. नंतर नंतर मी त्यांच्याकडून पैसे घेणं बंद केलं. नानांनी ते पाहिलं आणि म्हणाले, बरं केलंस, आता त्या पाव्हण्या झाल्या.

नानांच्या शेवटच्या वर्षी त्यांना बसवेना. सोंगणीला ते बांधावर बाज टाकून होते. ओळ बसायच्या वेळी सगळे थांबले, कारण पहिली पात मोकळी होती. हे पुढे झाले, हक्क ह्यांचाच. नानांनी त्यांना हाताने थांबवलं.

"परभ्या, तुझा हात छाटणीच्या कात्रीचा. बाग तुझी, ती तुझ्यासारखी गावात कुणाची नाय," ते म्हणाले. हे ऐकायला माझ्या नवऱ्याने किती वर्षं वाट पाहिली होती, ते मला माहीत आहे. ह्यांनी मान फिरवली आणि उगाच बागेकडे बघत राहिले. मग नानांनी आपला विळा माझ्यापुढे धरला. "सुमन, पहिली तू धर."

मी कधी मालकाच्या पातीवर बसेन, असं मला वाटलं नव्हतं. मला रडू आलं आणि ते लपवायला मी घाईने खाली बसले. ताराबाई शेजारून म्हणाली, "चाल धरा, मालकीणबाई, आमी हाय मागं."

पुढच्या मार्चात नाना नव्हते. गहू मात्र होता, आणि पाहुणेही. मीनाताईंचे गुडघे दुखत होते, तरी त्या पाटावर बसून माझ्या शेजारची पात ओढत होत्या. हे बांधावर चहाची किटली घेऊन आले होते. तेवढ्यात एक तरुण मुलगा नवीनच आलेला, पाठीवर सॅक, हातात कॅमेरा, बांधावरून डोकावला आणि ह्यांना म्हणाला, "काका, इथं शेतकरी कुठे भेटेल?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मीनाताईंनी विळा थांबवला आणि त्याही माझ्याकडे बघू लागल्या. मी मूठभर गहू ओढून बाजूला ठेवला, कपाळावरचा घाम पुसला.

"भेटली," मी म्हणाले. "बोला."